अण्णांची पिशवी आणि भावाचा डबा: सप्लिमेंट कसं तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न लांब होता, तो थोडक्यात असा. अण्णांचं वय ६२, सूतगिरणीतून निवृत्त, शुगर आणि बीपी दोन्ही. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि टेल्मिसार्टन चालू आहेत. गुडघे दुखतात म्हणून सकाळी फिरायला येणाऱ्या मित्राने घरोघरी विक्री करणाऱ्या कंपनीच्या हळद-मिरीच्या कॅप्सूल, ग्लुकोसामाइन आणि अश्वगंधा आणून दिली. त्यात कुणी सुचवलेली 'नसांची' गोळी आणि बायोटिन असलेली मल्टिव्हिटॅमिन आहे. शेवटी आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याचं एक चूर्ण, ज्याने 'तीन दिवसांत गुडघे मोकळे झाले'. इकडे धाकटा भाऊ जिमला जातो, त्याने व्हे प्रोटीनचा परदेशी डबा आणि व्यायामाआधी घ्यायची पावडर आणली आहे. यातलं सुरक्षित काय, कशामागे खरा पुरावा आहे आणि हे घरच्या घरी कसं तपासायचं, हे तुम्हाला हवंय.

मी सोलापुरात केमिस्ट आहे. आधी हॉस्पिटलच्या फार्मसीत आणि मग स्वतःच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: सप्लिमेंट विकून मलाही पैसे मिळतात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या बऱ्याचशा गोळ्यांपेक्षा या डब्यांवर आमचं मार्जिन जास्त असतं. म्हणून केमिस्टने 'हे घ्या, चांगलं आहे' म्हटलं तर तोही पुरावा धरू नका. माझंही नाही.

सगळ्यात आधी ते चूर्ण, कारण बाकीच्या गोष्टींना आठवडा लागला तरी चालेल. तुम्ही लिहिलंय की गुडघे मोकळे झाले, त्याच महिन्यात उपाशीपोटीची शुगर वर गेली, भूक वाढली आणि तोंड सुजल्यासारखं वाटतं. हे सगळं एकत्र दिसलं की माझ्या मनात पहिला संशय येतो तो स्टेरॉइडचा, म्हणजे डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनचा. सांधेदुखीच्या निनावी पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक कुटून मिसळणं ही फार जुनी भेसळ आहे. शुगरच्या 'देशी' पुडीत शुगरचीच ॲलोपॅथी गोळी सापडते. वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये सिब्युट्रामिन सापडतं, ज्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे. 'ताकदीच्या' गोळीत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २००७ ते २०१६ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी चाळल्या, तेव्हा अशी छुपी औषधं मिसळलेली ७७६ सप्लिमेंट निघाली. बहुतेक लैंगिक ताकद, वजन आणि स्नायू यांच्यासाठीची. देशी पुडीने इंजेक्शनसारखा गुण दिला, तर पुडीत इंजेक्शनवालंच काहीतरी असण्याची शक्यता जास्त. गिऱ्हाईक मला सांगतं, 'काय होत नाय ओ, झाडपाल्याचं हाय.' झाडपाला असता तर मला एवढी काळजी वाटली नसती.

आता नीट वाचा: हे चूर्ण अण्णा काही आठवडे रोज घेत असतील, तर घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. ते अचानक थांबलं तर प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं असं होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. पुडी हातात घेऊन आज-उद्या डॉक्टरांकडे जा. तारखेची वाट पाहू नका. 'यात स्टेरॉइड असेल असा संशय आहे' हे शब्द स्पष्ट बोला. सोबत क्रिएटिनिनची तपासणीही होऊ द्या, कारण चूर्णात वेदनाशामक असेल तर बीपीच्या टेल्मिसार्टनच्या जोडीने ते मूत्रपिंडावर भार टाकतं, त्यात शुगर आहेच. उरलेली पुडी फेकू नका, पुढे लागेल.

हे झालं की बाकीची पिशवी टेबलावर ओता. डॉक्टरांच्या गोळ्याही त्यातच ठेवा. आता एकच काम करायचं: प्रत्येक वस्तू कोणत्या लायसनवर बनली आहे ते पाहून वेगळी करायची. दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन गोळ्या कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळ्या जातीच्या असू शकतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

ज्यावर औषधाचा उत्पादन परवाना क्रमांक आहे, ती औषधं. त्यात लिहिलेली मात्रा खरोखर आहे का, गोळी पोटात विरघळते का, यासाठी फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची, मोजपट्टी असते आणि औषध निरीक्षक नमुना उचलू शकतो. ज्यावर 'एफएसएसएआय'चा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक आहे, ते कायद्याने अन्न. मग ते स्ट्रिपमध्ये असो, कॅप्सूलमध्ये असो की औषधासारख्या खोक्यात. त्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' किंवा 'न्यूट्रास्युटिकल' असं लिहिलेलं दिसेल आणि जवळच 'नॉट फॉर मेडिसिनल यूज', म्हणजे औषध म्हणून वापरण्यासाठी नाही. हे वाक्य अण्णांना मोठ्याने वाचून दाखवा. गुडघ्याचं औषध म्हणून विकलेल्या डब्यावर कंपनीने स्वतःच 'औषध नाही' असं छापलेलं असतं. दुकानातल्या कॅल्शियमच्या आणि व्हिटॅमिनच्या कितीतरी स्ट्रिपही आज अन्नाच्या लायसनवर येतात, आणि डॉक्टरही त्या चिठ्ठीवर लिहितात.

चौदा आकडी क्रमांक खरा आहे का, हे एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' पोर्टलवर टाकून पाहता येतं. कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपला, हे दिसतं. डब्यावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळलं पाहिजे. पण जुळलं म्हणजे काय सिद्ध झालं? एवढंच, की बनवणाऱ्याला अन्न बनवायची परवानगी आहे. गुडघे बरे होतात हे कोणी तपासलेलं नाही. परवानगी असलेल्या घटकांच्या यादीतले पदार्थ वापरले तर असं सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी त्याचा गुण सिद्ध करून दाखवावा लागत नाही. 'सरकारमान्य' या शब्दाचा सगळा खेळ इथे आहे.

आयुर्वेदिक औषधांचा परवाना तिसरा. तो १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली राज्याकडून मिळतो. कायद्याच्या यादीतल्या ग्रंथांमधलं औषध असेल तर नव्याने माणसांवर चाचण्या करायची अट नाही. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. शिकलेल्या वैद्याने नाडी पाहून, मात्रा ठरवून दिलेलं औषध आणि यूट्यूब पाहून सुरू केलेली कॅप्सूल यांत फार फरक आहे. पण जड धातूंचा प्रश्न खोटा नाही. इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा पाचांपैकी साधारण एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक मिळालं. भस्म असलेल्या औषधांच्या बाबतीत बॅचनुसार धातूंचा रिपोर्ट मागायला लाजू नका.

चौथा ढीग म्हणजे ज्यावर काहीच नाही. त्याबद्दल वर लिहिलं.

लायसन पाहून झालं की मात्रा. इथे कागद-पेन घ्या. एक, आकडा 'प्रति सर्व्हिंग' आहे की प्रति कॅप्सूल? सर्व्हिंग दोन कॅप्सूलची असेल तर एका कॅप्सूलमध्ये निम्मंच आहे. दोन, आकडा कशाचा आहे? कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तोच घटक किती डब्यांत आहे? मल्टिव्हिटॅमिनमध्ये 'डी', कॅल्शियमच्या गोळीत 'डी', आणि वर डॉक्टरांनी दिलेलं ६०,००० युनिटचं आठवड्याचं पाकीट. आठवड्याला एक घ्यायचं ते पाकीट रोज एक घेणारी माणसं मी काउंटरवर पाहिली आहेत, कारण चिठ्ठीवरचं अक्षर नीट लागलं नाही आणि विचारायचा संकोच वाटला. 'डी' चरबीत साठतं. जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मग तहान, बद्धकोष्ठ, उलट्या, गोंधळल्यासारखं होणं आणि शेवटी मूत्रपिंड. कमतरता असेल तर 'डी' घ्यावंच. कमतरता नसताना 'इम्युनिटीसाठी' घेण्याबद्दल मात्र मोठा पुरावा आहे: अमेरिकेत २५,८७१ लोकांना रोज २००० युनिट 'डी' किंवा खोटी गोळी साधारण पाच वर्षं दिली. कर्करोग आणि हृदयविकार होण्याचं प्रमाण कमी झालं नाही.

'नसांच्या' गोळीकडे वळू या, कारण अण्णांच्या पिशवीत सगळ्यात कामाची आणि सगळ्यात फसवी गोष्ट त्या एकाच स्ट्रिपमध्ये आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये 'बी १२' कमी होतं, हे पक्कं माहीत आहे. त्यात अण्णा शाकाहारी असतील तर अजूनच. पायाला मुंग्या येत असतील तर त्यांचं 'बी १२' तपासून घ्या आणि कमी असेल तर ते भरून काढा. हे सप्लिमेंट त्यांना खरंच लागू शकतं. पण त्याच गोळीत बऱ्याचदा 'बी ६', म्हणजे पायरिडॉक्सिन, मोठ्या मात्रेत असतं. जास्त 'बी ६' दीर्घकाळ घेतलं तर नसांनाच इजा होते आणि हातापायाला मुंग्या येतात. म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीने मुंग्या, आणि मुंग्या थांबेनात म्हणून गोळी चालूच! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. स्ट्रिपच्या मागचा आकडा याच्याशी ताडून पाहा आणि डॉक्टरांना नुसतं 'बी १२' मिळेल का ते विचारा.

मल्टिव्हिटॅमिनमधलं बायोटिन बहुधा निरुपद्रवी आहे, पण रक्ताच्या काही तपासण्या ते चुकीच्या दाखवतं. थायरॉइडच्या, आणि हार्ट ॲटॅक ओळखायच्या ट्रोपोनिनच्याही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. लॅबमध्ये जाताना 'बायोटिन चालू आहे' एवढं सांगायचं.

आता पुराव्याचं. ग्लुकोसामाइन यासाठी उत्तम उदाहरण आहे. २००६ साली अमेरिकेत गुडघ्याच्या संधिवाताच्या १५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. कोणाला ग्लुकोसामाइन, कोणाला कॉन्ड्रॉइटिन, कोणाला दोन्ही, कोणाला वेदनाशामक आणि कोणाला काहीच औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. २४ आठवड्यांनी पाहिलं तर नुसत्या ग्लुकोसामाइनवर ६४ टक्के लोकांचं दुखणं ठरवलेल्या मापात कमी झालं होतं. ऐकायला भारी वाटतं ना? पण खोट्या गोळीवरही ६० टक्के लोकांना तितकाच आराम पडला होता. दोघांतला फरक योगायोगाच्या बाहेरचा नव्हता.

अण्णांच्या मित्राचं 'मला फरक पडला' हे खरंच असणार. खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. गुडघेदुखी चढते-उतरते. माणूस औषध शोधतो ते दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि त्यानंतर ते बहुधा उतरणारच असतं. म्हणून शेजारी खोटी गोळी घेणारा गट नसलेला कुठलाही अनुभव, मग तो दहा जणांचा असो की दहा हजारांचा, गोळीचं श्रेय ठरवू शकत नाही. अण्णांना ग्लुकोसामाइनने बरं वाटत असेल आणि पैसे परवडत असतील तर मी भांडणार नाही. तीन महिन्यांनी थांबवून बघा, फरक पडतो का.

हळदीच्या कॅप्सूलबद्दल मी जास्त सावध आहे. आमटीतली हळद आणि ही कॅप्सूल एक नाही. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारसं उतरत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की मिरीतलं पायपरिन सोबत दिलं तर माणसांत त्याचं शोषण वीस पटींनी वाढतं. तेव्हापासून प्रत्येक डब्यावर 'मिरीयुक्त'. पण जे यकृत कर्क्युमिन बाहेर टाकत होतं, त्याचंच काम पायपरिन मंदावतं, आणि तेच यकृत इतर औषधंही हाताळतं. फिटच्या फेनिटॉइन गोळीची रक्तातली पातळी पायपरिनने वाढू शकते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदजाळ्याने हळदीमुळे यकृताला इजा झालेले दहा रुग्ण नोंदवले. तपासलेल्या सात उत्पादनांपैकी तीनांत मिरी होती, आणि रुग्णांपैकी एक जण दगावला. लाखो लोक घेतात त्यात दहा म्हणजे कमी, हे मान्य. पण गुडघ्यावरचा फायदाही लहान लहान चाचण्यांतला आणि बेताचाच आहे.

अश्वगंधेचंही तसंच. ताण आणि झोपेवर थोडा गुण दाखवणाऱ्या लहान, दोन-तीन महिन्यांच्या चाचण्या आहेत. वर्षानुवर्षं घेण्याबद्दल पुरावा नाही. केरळच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये अश्वगंधेमुळे यकृताला इजा झालेल्या भारतीय रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी डेन्मार्कने तिच्यावर बंदी घातली. बंदी हा माझ्या मते अतिरेक आहे. पण अश्वगंधा शुगर खाली आणू शकते, आणि अण्णा ग्लिमेपिराइडवर आहेत, जी गोळी शुगर एकदम पाडू शकते. कारली-मेथीच्या अर्कांचंही हेच. 'नैसर्गिक आहे' आणि 'शुगरवर काम करतं' ही दोन्ही वाक्यं खरी धरली, तर गोळीसोबत घेण्याचा धोकाही खरा धरायला हवा.

स्वतः शोधायचं असेल तर ब्रँडचं नाव टाकू नका, घटकाचं टाका. ब्रँड टाकला की जाहिरातच येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा आहारपूरकांचा विभाग आहे, त्याची एकेका घटकावरची माहितीपत्रकं फुकट आहेत. सामान्य वाचकांसाठी सोप्या भाषेतली वेगळी असतात, ती घ्या. यकृताबद्दल 'लिव्हरटॉक्स', आणि सगळ्या चाचण्यांचा एकत्र आढावा हवा असेल तर 'कॉक्रेन'. भाऊ इंग्रजी वाचतो म्हणालात, त्याला बसवा, जिमचा एक दिवस बुडाला तरी चालेल.

कंपनीने 'क्लिनिकली प्रूव्हन' म्हटलं असेल तर चाचणी मागा. आली तर पाहा: माणसांवर की उंदरांवर? याच डब्यावर, की असा घटक असलेल्या दुसऱ्याच अर्कावर? मात्रा तितकीच? खोट्या गोळीशी तुलना होती? आणि मोजलं काय, रक्तातला एखादा आकडा की माणसाचं दुखणं? भारतात २००९ पासून अशा चाचण्यांची आगाऊ नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. नोंद नसेल तर निकाल चांगले आले म्हणूनच छापले की काय, हे कळायला मार्ग नाही.

तर्काला पटतं म्हणून गोष्ट खरी असतेच असं नाही, याचं उदाहरण आपल्या शहराला जवळचं आहे. भाज्या-फळं खाणाऱ्यांना कर्करोग कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, मग धूम्रपान करणाऱ्यांना ते गोळीतून द्यावं, असा सरळ तर्क होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर करून पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. दोन वर्षांनी अमेरिकेतली दुसरी चाचणी याच कारणाने मुदतीआधी थांबवावी लागली. सोलापुरात विड्या वळणारे हात हजारोंनी आहेत आणि ओढणारेही कमी नाहीत. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा पूर्वी ओढत असेल, तर डोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये बीटा-कॅरोटीन नाही ना, तेवढं बघून घ्या. त्याऐवजी ल्युटिन असलेल्या मिळतात.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर सगळंच भोंदू वाटायला लागेल. गर्भधारणेआधीपासून घेतलेल्या फॉलिक ॲसिडने बाळाच्या मणक्यातला दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे ७२ टक्के कमी होतो, हे १९९१ च्या चाचणीने दाखवलं. आशाताई देतात त्या लोहाच्या गोळ्या स्वस्त आहेत, दिसायला साध्या आहेत, आणि या सगळ्या महागड्या डब्यांपेक्षा त्यांच्यामागे जास्त पुरावा आहे. फक्त लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लोहाच्या गोळ्या मूठभर गिळल्या तर मुलाचा जीव जाऊ शकतो. आणि घरात कोणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर लोह-कॅल्शियम आणि त्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवा.

भावाचं प्रकरण. त्याचं वजन ७० किलो असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीने, किलोमागे ०.८३ ग्रॅम, रोज ५८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. जोरात वजनं उचलत असेल तर त्याहून बरीच जास्त. याच संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेने शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगितलं आहे. मी तितका कडक नाही. व्हे म्हणजे शेवटी दुधाचं प्रथिन. प्रश्न डब्यात ते आहे का, हा आहे. केरळच्या डॉक्टरांनीच २०२४ मध्ये भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून घेतली. त्यांपैकी २५ मध्ये प्रथिनं लेबलपेक्षा वेगळी निघाली, काहींत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, आणि कीटकनाशकांचे अंश मिळाले. लबाडीची एक युक्ती अशी: नेहमीच्या चाचणीत प्रथिन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजून हिशोब करतात. मग ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं ओतली की कागदावर प्रथिन वाढतं. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन घातलं गेलं ते याच हिशोबासाठी. म्हणून घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं दिसलं तर डबा परत करा.

परदेशी डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि त्याचा एफएसएसएआय क्रमांक हवाच. तो स्टिकर नाही, बिल नाही आणि किंमत बाजारापेक्षा बरीच कमी आहे, तर डबा खरा आणि आतली पावडर दुसरीच असू शकते. खेळाडू असेल तर 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट'चा शिक्का असलेलंच घ्यावं आणि बॅच त्यांच्या साइटवर जुळवावी. नाहीतर डोपिंगमध्ये अडकायचा. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, हे मात्र भरपूर तपासलेलं आहे. फक्त रक्ततपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल, ते डॉक्टरांना आधी सांगायचं. व्यायामाआधीच्या पावडरवर 'प्रोप्रायटरी ब्लेंड', म्हणजे कंपनीचं स्वतःचं मिश्रण, असं लिहून घटकांची स्वतंत्र मात्रा दिली नसेल तर ती घेऊ नये. कॅफिन किती आणि आणखी काय आहे, ते दाखवायचं नसतं म्हणूनच तसं लिहितात.

आणि सोलापूरच्या पोराने प्रथिनांसाठी फार लांब जायचं कारण नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या घरात प्रथिन, एका अंड्यात सहा. ज्वारीची भाकरी, डाळ आणि शेंगाचटणी यांची अमिनो आम्लंही एकमेकांना पूरक असतात. फक्त अफ्लाटॉक्सिन शेंगदाण्यातही होतं, तेव्हा कडवट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे निवडून फेका. न्याय दोघांना सारखा.

अण्णांच्या मित्राला काय सांगायचं, असंही विचारलंत. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय घरी येऊ नये. आणि शुगर, बीपी, कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. त्या कायद्यात तोंडी केलेली घोषणाही जाहिरात धरली आहे, आणि गंमत म्हणजे धुराने केलेलीही! पण मित्रावर कायदा चालवायची गरज नाही. 'कंपनीकडून या बॅचचा एनएबीएल लॅबचा रिपोर्ट मागवून दे, मग पुढचा डबा घेतो' एवढं अण्णांनी म्हटलं तरी पुरतं (एनएबीएल म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था). एक वाक्य मात्र त्याच्याकडून कधीही स्वीकारायचं नाही: 'सुरुवातीला त्रास होतो, शरीरातली घाण बाहेर पडतेय.' लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज, अन्नावरची वासना उडणं ही यकृताची तक्रार आहे. सगळी सप्लिमेंट बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही पूर्ण यादी द्यावी, साधारण दोन आठवडे आधीच.

त्रास झाला तर डबा, बॅच नंबर आणि बिल जपून ठेवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर रुग्ण स्वतः करू शकतो. डब्याबद्दल किंवा पुडीबद्दल तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात: अन्नाच्या लायसनवरच्या वस्तूसाठी अन्नसुरक्षा अधिकारी, औषधासाठी आणि त्या चूर्णासाठी औषध निरीक्षक. अन्नाचा नमुना ग्राहकालाही फी भरून तपासून घेता येतो, मात्र घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. दोष निघाला तर फी परत मिळते.

तर क्रम असा ठेवा. चूर्ण घेऊन डॉक्टर, आज किंवा उद्या. तिथेच 'बी १२', क्रिएटिनिन, यकृताची तपासणी आणि तीन महिन्यांची शुगर लिहून घ्या. हळद-मिरी आणि अश्वगंधा रिपोर्ट येईपर्यंत बंद ठेवा, त्या बंद केल्याने काही अडत नाही. शुगर-बीपीच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकवायच्या नाहीत. 'नसांच्या' गोळीच्या मागचा 'बी ६'चा आकडा आणि भावाच्या दोन्ही डब्यांच्या चारही बाजूंचे स्पष्ट फोटो पाठवलेत, तर त्या आकड्यांवर मी नेमकं बोलू शकेन. चूर्णाचा फोटो पाठवू नका, त्यातून मला काहीही कळणार नाही.